लाईनीवरची पोती

उमरगं
नागपंचमीचा दुसरा दिस

मल्लूअण्णा,

हे पत्र फाडायच्या आधी निदान खालपतुर वाच. मग फाड. फाडलंस तर बारीक फाड, कारण हा कागद हरणाबाईच्या बांगड्यांच्या गुंडाळीतनं येतोय. नाक्यावर कुणाच्या हाती लागला तर तिच्या बांगड्या आन् माजं डोस्कं, दोन्ही फुटतील.

माजं लिवणं हाय तसंच हाय. चौथीत तीन वर्सं बसल्याला माणूस म्या. मास्तर म्हणायचे, "बिरदेव, तुला वरच्या वर्गात घालायचं तर तुज्या मेंढरास्नीबी घालावं लागंल. ती तुज्याहून फुडं हायेत."

तुमी गेल्याला चार म्हैनं झालं. जाताना तू मला सांगितलं न्हाईस. म्या आपला सकाळी तुज्याकडं बॉल मागाय आलो तर दाराला ह्ये येवढं कुलूप. गावात कळलं, सोलापूरला गेली मंडळी. आता तू तिथं न्हाईस, सरहद्दीवरल्या कॅम्पावर हायेस आन् बंदूक शिकतोस, हे हरणाबाईनं सांगितलं. सेंटर फॉरवर्डानं बंदूक शिकायची म्हंजे कमाल झाली.

रझाकार हा शबूद ह्या कागदावर येकदाच लिवतो. हितनं फुडं त्यांस्नी पाव्हणं म्हणीन. तर पाव्हणं हप्त्यात तीन बार आपल्या मैदानावर लेफ्ट-राईट करत्यात. आईतवार तेवढा आपल्या बहार क्लबाला सोडलाय. पर आईतवारी यायला हाय कोण?

आपली पोती आठवत्यात का? आईतवारी सकाळी घरटी येक पोतं लाईनीवर टाकायचं, कोपऱ्यात ज्याच्या त्याच्या रंगाचा टाका. गोरोबा कुंभाराचा पिवळा. तुमचा तांबडा, तुज्या आईनं, रुद्रम्माकाकूनं घातल्याला. मग माणूस कितीबी उशिरा येऊ दे, त्याच्या पोत्यावर दुसरा बसायचा न्हाय. म्या गुपचूप पोती बदलायचो आन् भांडल्याले दोन भाऊ शेजारी आणून बसवायचो. तू बॉल सोडून हसायचास.

दिवाळीत लातूरची टीम आली तवा म्या पोती मोजली हुती. दोनशे सात. परवा मोजली, नऊ. त्यातलं येक माजं, येक लाडलेसाबच्या बापाचं, आन् येकावर कुत्रं झोपलं हुतं. ते निदान शेवटपतुर बसलं.

लोकास्नी इचारलं तर कुणाचं खुरपणं ऱ्हायलंय, कुणाचा गुडघा धरलाय. गोरोबाला धरलं. गावात त्याच्यायेवढा आरडणारा दुसरा न्हवता, लातूरचा गोलकीपर त्याच्या आवाजानंच बॉल सोडायचा. तो म्हणला, "बिऱ्या, आरडलं की पाव्हणं वळून बघत्यात. आन् न आरडता फुटबॉल बघायचा म्हंजे तोंड शिवून पंगतीला बसायचं. माजं मनच उडालं बाबा."

खेळायलाबी पाचच जण ऱ्हायलो. येकाच गोलवर मारतो. लाडलेसाब मातर चुकत न्हाय. आदी चुन्याची लाईन मारतो, हात धुतो, मग ज्वारीच्या अंगाच्या गोलमदी जाऊन हुबा ऱ्हातो. जसं सगळं उमरगं बघायला आलंया.

काकू गेल्याचं कळलं. जळकोटाच्या फुडं, गाडीतच. त्यावर मला लिवता येत न्हाय.

दारावरच्या खुणांचं मला काय इचारू नगस.

तुजा
बिरू

उमरगं
राखी पुनवंचा तिसरा दिस

मल्लूअण्णा,

तुजी चिठ्ठी पावली. दोन वळी. "खूण कोणी काढली? चुना कुठला?" कसा हायेस बिरू, जिता हायेस का मेलास, काय न्हाय. मेंढरू हरवलं तरी त्याचा मालक येवढं इचारतो.

इचारू नगस म्हणलो तर नेमकं तेच इचारलंस.

तुमच्या दारावर तुमी बघितलीच. तेरा दारांवर हुती. येक गोल, आन् वरनं लोंबती दोरी. गोरोबा म्हणतो, फास हाय. कुणी म्हणतं, कुलूप हाय, म्हंजे ह्या घराला कुलूप घालणार. सगळ्यांचं येकच झालं की पाव्हण्यांनी घरं वाटून घेतली आन् ही त्याची निशाणी. तेरातली नऊ घरं आठ दिसात रिकामी झाली. तवापासनं जी ऱ्हायली ती दाराच्या भाईर पाय टाकंनात. मॅचला काय येतील?

कुणी काढली? मला काय ठावं. म्या मेंढराकडं हुतो.

चुना म्हणशील तर लाडलेसाबच्या भट्टीचा. गावात दुसरी भट्टी हाय कुठं? लाईनीचा चुना त्याचा, देवळाचा त्याचा, मशिदीचा त्याचा. आन् पाव्हणं कवायतीच्या रेघा मारत्यात तो चुनाबी त्याच्याच घरनं जातो. न्हाय म्हणायची सोय हाय का? बाकी मला काय ठावं न्हाय.

हिकडं बरं हाय. परवा फौजदाराच्या टांग्याच्या घोड्याला म्या काकडीची शिंगं बांधली. कुणी हसलं न्हाय. आता गावात हसायचंबी बंद झालंय, म्हणून म्याच जाऊन ती सोडून आलो.

बिरू

उमरगं
पोळा

मल्लूअण्णा,

बाकीचं नंतर. हे आदी वाच.

लाडलेसाबनं न्हाय. म्या.

खूण म्या काढली. तेराच्या तेरा. माज्या हातानं. परत लिवतो, लाडलेसाबला त्यातलं काय म्हंता काय ठावं न्हवतं.

आज सकाळी बैलं धुवायच्या गडबडीत हरणाबाई आली. आईचा हात धरून बांगड्या चढवता चढवता तिनं तुजी चिठ्ठी माज्याकडं सरकावली. "येत्या आईतवारी मैदानावर जाऊ नकोस. ज्वारीच्या बाजूला तर नाहीच." म्या दोनदा वाचली. मला वाटलं पाव्हणं येणार आसंल आन् तू मला वाचवतोस. लई बरं वाटलं, खरं सांगतो. मग हरणाबाई हळूच म्हणली, "कॅम्पावरल्या पोरांनी मला इचारलं, गोलकीपर कुठल्या अंगाला हुबा ऱ्हातो, मागं पीक किती उंच हाय. म्या सांगितलं, डोक्याच्या वर. कायकू इचारलं रं बिरू?"

माज्या हातातनं बैलाची झूल पडली.

तुला वाटलं लाडलेनं पाव्हण्यांसाठी घरं दाखवून दिली. ते तुज्या डोक्यात म्या घातलं. 'चुना लाडलेसाबच्या भट्टीचा' ही वळ म्या लिवली, आन् लिवताना मला कळत हुतं की तू कुठं बघणार. माज्यावरनं नजर हालावी म्हणून लिवली. त्याच्या मरणाचा कागद म्याच लिवलाय, तोबी चौथी नापासाच्या अक्षरात.

आता ऐक कसं झालं.

पाडव्यानंतरचा आईतवार. लाईन मारून बादलीत चुना उरला हुता. पोती मोजली तर जी तेरा घरं जलमात कधी चुकली न्हवती त्यांचीच न्हवती. तू मैदानात हुबा, आन् तुजा बाप, वीरप्पाकाका, दुकानात बसल्याले. मनात म्हणलं, थांबा, तुमची हजेरीच मांडतो. शाळंत मास्तर गैरहजर पोराच्या नावाफुडं खूण करायचा ना, तशी. दुपारी लोक जेवून आडवं झालं तवा बादली घेतली आन् ज्या त्या दारावर आपला बॉल काढला. आपल्या बॉलची नाडी कधी आत बसत न्हाय, लोंबती. तशी लोंबती नाडीबी काढली. वाटलं, सांजंला उठून बघत्याल, हसत्याल, "बिऱ्याचं काम हे," म्हणून शिव्या देत्याल आन् फुडल्या आईतवारी पोतं टाकत्याल.

कुणी हसलं न्हाय. त्या हप्त्यात लांबच्या गावांच्या कसल्या बातम्या येत हुत्या तुला ठावं हाय. ते डोस्क्यात घ्यून माणूस दार उघडतो आन् समोर पांढरी खूण. बॉल कुणालाच दिसला न्हाय अण्णा. मला सोडून कुणालाच न्हाय.

पयल्या पत्रात कुलपाचं लिवलं ते खोटं हाय. तुमी निघाला तवा म्या वेशीपाशीच हुतो, मेंढरं घ्यून. तू फुडं चालत गेला हुतास. काकू गाडीत हुती, तापानं लाल. मला बघून तिनं हात हालवला. मला येकच वाक्य बोलायचं हुतं. "काकू, ती खूण माजी हाय, खाली उतरा." वीरप्पाकाकाच्या हातात चाबूक हुता. मला माराची भीती वाटली. चार वळ उठले असते पाठीवर, बास. तेवढ्याला भिऊन म्या गप बसलो, आन् मेंढरं आडवी गेली म्हणून गाडीला वाट करून दिली.

आता तुला ज्याला मारायचं त्याचं नाव ठावं झालं.

दुपारी म्या लाडलेसाबकडं गेलो. तो भट्टीवर चुना विझवत हुता. सगळं सांगितलं, तुज्या चिठ्ठीसकट. त्यानं फावडं चुन्यातनं भाईर काढलं. मग म्हणला, "वो निशान तू निकाल्या?"

"हौ."

"बॉल था वो?"

"हौ."

"नाडी इत्ती लंबी कायकू निकाल्या रे हराम्या?"

म्या त्याचे पाय धरले. म्हणलो, आईतवारी येऊ नगस, आजच नळदुर्गाकडं मामाच्या गावाला जा. तो म्हणला, "मैं भाग्या तो सारा गाव बोलिंगा, निशानवाला येईच था. फिर अब्बा कू कौन रखिंगा हितं?" मग जरा हसल्यावाणी केलं. "और मल्लू का शॉट मेरेकू मालूम है. कोने में कब्बी नै मार्‍या उने. सीधा आता, मेरे हात में आता." फावडं पुन्यांदा चुन्यात घातलं.  आंगावर चुना उडत हुता, तरी त्याला कळत न्हवतं.

हरणाबाई आत्ताच निघायचीय, शेताशेतानं. तुमची माणसं अलीकडं कुठं थांबत्यात ते तिला ठावं हाय, मला सांगत न्हाय. तिच्या हातात हे पत्र देतोय. ती पोचू दे.

बिरदेव

उमरगं
शनवार

मल्लूअण्णा,

हरणाबाई पोचली का न्हाय ते कळायला वाट न्हाय. म्हणून हे दुसरं. कुणाकडं द्यायचं ते ठावं न्हाय, तरी लिवतो. 

रातभर येकच इचार केला. लाडलेसाब गोलमदी येकटा दिसतो, म्हणून तो सोपा हाय. लाईनीवर दोनशे माणसं असती तर तुमच्यातला कोण बार काढणार हुता? पोती म्याच उठवली. तर पोती म्याच परत आणायची. दुसरं मला सुचत न्हाय.

म्हणून आज सकाळी ओलं फडकं घ्यून निघालो. ज्या ज्या दारावर खूण आजून हाय त्या दाराशी हुबा ऱ्हायचं, हाक मारायची, माणूस भाईर आला की सांगायचं, "ही खूण माजी. हा बॉल हाय. ही नाडी." आन् पुसायची. उद्या ज्वारीतनं लाडलेसाबवर बार निघंल तेबी सांगायचं, तुजं नाव न घेता.

गोरोबाला सांगितलं तर त्यानं मडकं ठोकायची थापी फेकून मारली. कानामागं लागली, रगात आलं. "पाच म्हैनं," तो म्हणला, "पाच म्हैनं म्या माज्या पोरीस्नी आडाला पाठवलं न्हाय. हाजेरी मांडलीस व्हय रं?" म्या म्हणलो, "मार आजून, पर उद्या ये." त्यानं दार लावलं.

दुसऱ्या घरात बादलीभर पाणी आंगावर आलं. तिसऱ्यात म्हातारी इरम्मा येकलीच हाय, ल्योक लेकरं घ्यून तिकडं सोलापुरात हमाली करतो. तिनं शिवी दिली न्हाय, मारलं न्हाय. म्या पुसाय लागलो तर फडकं माज्या हातनं घेतलं आन् स्वतः पुसत बसली. लई वेळ पुसत हुती. खूण कवाच गेली हुती. मला तिथनं हालता येईना.

शेवटी तुमच्या दाराशी गेलो. तिथं हाक कुणाला मारायची? तरी मारली. "काकू," म्हणलो. मग पुसली.

कुणीबी "येतो" म्हणलं न्हाय.

घरी आलो तर आईला आदीच कळलं हुतं. भाकर वाढली आन् तोंड फिरवून बसली. म्हणली, "वेशीपाशी तिनं हात हालवला तवा तू माज्या शेजारी हुबा हुतास." येवढंच. म्या भाकर झाकून ठेवली.

मला आता दोन्हीकडनं भ्या वाटतंय. पाव्हण्यांच्या कानावर गेलं की म्या घरोघर हिंडून जमाव गोळा करतोय, तर ते उचलतील. आन् तू. तुजं तर भ्या वाटायला पायजेच.

तुमचं पोतं म्या ओट्यावरनं उचललं हुतं, तुमी गेला त्या दिशी. मेंढरांच्या वाड्यात वर टांगून ठेवलंय. उद्या लाईनीवर टाकणार हाय. तुज्या बापाच्या जागंवर.

बिरदेव

उमरगं
हरताळका, सोमवार

मल्लूअण्णा,

तू काल ज्वारीत हुतास का न्हाय, मला ठावं न्हाय. हुतास तर तू समदं बघितलंस, मग हे माज्या बाजूनं ऐक. न्हवतास तरी ऐक.

सकाळी पोती मोजली. आठ. तुमचं धरून आठ. आदल्या हप्त्यापेक्षा येक कमी. मला वाटलं, संपलं.

लाडलेसाब आला. लाईन मारली. हात धुतले. नवा पांढरा शर्ट घातला हुता. म्या इचारलं, "आज शर्ट कायकू?" तो म्हणला, "चुप बैठ." आन् गोलमदी जाऊन हुबा ऱ्हायला, ज्वारीकडं पाठ करून. म्या त्याच्या मागं जाऊन हुबा ऱ्हायलो, त्याच्या आन् ज्वारीच्या मदी. पाठीला सारखं वाटायचं कुणीतरी बोट लावतंय. वारं आलं की मागं पानं घासायची. बाकीचे तिघं लांबनं बॉल मारत हुते. त्यास्नी काय ठावं न्हवतं. येक जण आरडला, "बिऱ्या, गोलमागं काय राखण करतोस, बाजूला हो की!" म्या हाललो न्हाय.

मग गोरोबा आला.

काखंत पोतं. लाईनीवर टाकलं न्हाय. सरळ गोलच्या मागं आला, माज्या शेजारी, ज्वारीच्या अगदी बांधाला पोतं आंथरलं आन् पाठ करून बसला. म्या म्हणलो, "गोरोबातात्या, तुमची जागा तिकडं हाय." तो म्हणला, "तिकडनं मला आता दिसत न्हाय." मग माज्या कानामागचं रगात बघितलं आन् म्हणला, "लई लागलं का रं?"

त्याच्यामागनं दोन आले. मग इरम्मा. बाईमाणूस मैदानावर कधी आल्यालं न्हवतं, तीबी आली, काठी टेकत, आन् पोतं न्हवतं म्हणून जुन्या लुगड्याचा धडपा आंथरून बसली. मग येकेक. कुणी माज्याशी बोललं न्हाय. लाईनीवर येकबी बसला न्हाय, समदे गोलमागं, बांधाच्या कडंनं, ज्वारीला पाठ लावून. म्या मोजली. येकसष्ट माणसं. लाडलेसाब वळून बघंना. त्याची मान तेवढी लाल झाली हुती.

तेवढ्यात रस्त्यावर दोन पाव्हणं सायकलवरनं थांबले. येकजण आत आला. "क्या जमाव है?"

म्या म्हणलो, "मॅच हाय सायेब."

"किससे?"

"आपसात."

त्यानं समद्यांकडं बघितलं. फुडं येक गोलकीपर, मागं येकसष्ट माणसं, आन् समदी गप. फुडं बंदुकीवाला पाव्हणा, मागं ज्वारीत तू, मदी आमी.  खोटं सांगत न्हाय अण्णा, माजी इजार ओली झाली. त्याला वाटलं आसंल, गावाला येड लागलंय. दोन मिंटं हुबा ऱ्हायला आन् गेला.

तो गेल्यावर आपल्यातल्या येकानं शॉट मारला. साधाच. लाडलेसाबनं दोन्ही हातानं धरला आन् छातीशी आवळला, जसं काय लेकरू. आन् गोरोबा आरडला. पाच म्हैन्यात पयल्यांदा. काय शबूद न्हवता त्यात, नुसता आवाज. त्या आवाजानं ज्वारीतनं पाखरं उठली, थवाच्या थवा. म्या येकटाच वळलो. पाखरं वाऱ्यानं उठत न्हाईत, हे मेंढपाळाला ठावं असतं. पर गोरोबाच्या आवाजानं उठली का कुणी आत हाललं म्हणून उठली, ते मला कळलं न्हाय.

दिस कलायला लागला तसे समदे आपापली पोती उचलून गेले. लाडलेसाबला मदी घालून गेले. तुमचं पोतं म्या उचललं न्हाय. मुद्दाम ठेवलं, उडू नये म्हणून वर दगड ठेवून.

आज सकाळी मेंढरं सोडायच्या आदी जाऊन बघितलं. पोतं न्हाय. दगड हाय, पोतं न्हाय. गवतावर पोत्याएवढी सुकी जागा तेवढी.

गावात इचारलं. कुणी उचललं न्हाय. पाव्हण्यांची आज कवायत न्हाय. हरणाबाई आजून परत आली न्हाय, तीन दिस झाले.

म्हणून हे पत्र कुणाकडं द्यावं कळंना. पोतं हुतं तिथंच, त्याच दगडाखाली हे आन् शनवारचं, दोन्ही ठेवतोय. ज्यानं पोतं न्हेलं तो परत येईल, आन् तो तू आसशील, येवढ्याच जोरावर.

मला मारायचं असंल तर आईतवारी ये. वेशीतनं ये, लाईनीवर हुबा ऱ्हा, समद्यांच्या देखत मार. म्या पळणार न्हाय, मेंढरंबी आडवी घालणार न्हाय. लाडलेसाब म्हणतो, मल्लू आला की त्याला पयला शॉट माज्यावर मारू दे, मग तुजं बघू.

पोतं तूच न्हेलंस का, येवढं कळव. लिवू नगस. काकूचा तांबडा टाका उसवून दोऱ्याचा येक तुकडा ह्या दगडाखाली ठेव.

म्या रोज सकाळी येऊन दगड उचलीन.

बिरदेव